साथीच्या काळात रिपोर्ट अडकतो कुठे? प्रयोगशाळा, पोर्टलं आणि आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करतोय. आधी हातात पिपेट होतं, आता बहुतेक वेळ संगणकापुढे जातो. कोविडपासून नातेवाईक, पत्रकार, नवे टेक्निशियन आणि कधीकधी साहेब लोकही तेच ते प्रश्न विचारत आलेत. दर वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

‘लिम्स’ ‘लिम्स’ म्हणतात ते नेमकं काय असतं?

लॅबोरेटरी इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिमचं लघुरूप. नावाला बिचकायचं कारण नाही. जुन्या प्रयोगशाळेत एक जाडजूड आवक रजिस्टर असायचं: अनुक्रमांक, नाव, वय, गाव, कोणी पाठवलं, काय तपासायचं, निकाल, सही. लिम्स म्हणजे तेच रजिस्टर, पण नळीवरच्या बारकोडशी, मशीनशी आणि बाहेरच्या पोर्टलांशी बोलणारं. नमुना कोणत्या फ्रीजच्या कोणत्या खणात आहे, कोणत्या लॉटचं किट वापरलं, तपासणी कोणी केली, निकालावर सही कधी झाली, हे चांगलं लिम्स एका क्लिकवर सांगतं. वाईट लिम्स म्हणजे लाइट गेली की बंद पडणारं रजिस्टर.

मशीन आहे, किट आहे, माणसं आहेत. तरी रिपोर्टला चार-चार दिवस का?

आरटी-पीसीआर हे काही तासांचं काम आहे. बाकीचा वेळ कशात जातो ते सांगतो.

२०२० च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. एका तालुक्याहून गाडी आली. थर्मोकोलच्या खोक्यात स्वॅबच्या नळ्या, वरती बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्याच मध्ये खोचलेली हाताने लिहिलेली यादी. एक पिशवी फुटलेली. निळी शाई पसरून यादीचं दुसरं पान म्हणजे नुसतं आभाळ झालेलं. यादीत नावं १४६, खोक्यात नळ्या १४९. दोन नळ्यांवर एकच मजकूर, ‘कमल पाटील, ४५, स्त्री’. एका नळीवर नुसतं ‘१७’. स्वॅब घेणाऱ्या सिस्टरना फोन लावला तर बंद. बारा तास पीपीई किटमध्ये काढून त्या बिचाऱ्या घरी जाऊन झोपल्या होत्या. रात्री साडेअकराला त्यांच्या मेडिकल ऑफिसरने आपल्या वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, मग एकेक नळी जुळवत बसलो. तोपर्यंत आमचं मशीन मोकळं पडून होतं. लाखो रुपयांचं यंत्र थांबलं होतं ते पसरलेल्या शाईपायी.

असा उशीर सरकारी कागदावर दिसत नाही, कारण बहुतेक ठिकाणी घड्याळ प्रयोगशाळेच्या दारापासून सुरू होतं: ‘नमुना प्राप्त’ ते ‘निकाल’. रुग्णाचं घड्याळ मात्र नाकात काडी गेली तेव्हापासून चालू असतं. माझ्या मते सुधारणा इथूनच व्हायला हवी. नमुना घेतला, पोचला, निकाल लागला, रुग्णाला आणि आरोग्य यंत्रणेला कळवला, या चारही वेळा आपोआप नोंदल्या जायला हव्यात. त्या शेजारी शेजारी मांडल्या की गोची कुठे आहे ते चहा संपायच्या आत कळतं. आमच्याकडे मांडल्या तेव्हा सगळ्यात मोठी फट पहिल्या दोन वेळांमध्ये निघाली, म्हणजे प्रयोगशाळेच्या बाहेर. तोवर आम्ही दुसरं मशीन मागत होतो.

मग नोंद कुठे व्हायला हवी?

जिथे नमुना घेतला त्याच टेबलावर. नळी रुग्णापुढे असतानाच बारकोड चिकटवायचा, मोबाइलवर स्कॅन करायचा आणि माहिती भरायची. प्रयोगशाळेने नळी फक्त ‘आली’ म्हणून स्कॅन करायची. नाव पुन्हा टाइप करायचं नाही. जितक्या वेळा नाव टाइप होतं तितकी त्याची रूपं होतात.

कोविडमध्ये आरटी-पीसीआरचं सरकारी अ‍ॅप आणि त्यातून मिळणारा १३ अंकी एसआरएफ (नमुना पाठवण्याच्या फॉर्मचा) क्रमांक आला तो याच विचाराने. कल्पना योग्य होती. पण स्वॅब घेणारे हात हातमोज्यात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि रांग दारापर्यंत! मग दुपारपर्यंत कागदावर लिहायचं आणि संध्याकाळी सगळं एकदम अ‍ॅपमध्ये भरायचं असा सोयीचा रस्ता निघाला आणि कागद परत आला. नमुना घेणाऱ्याच्या शेजारी लिहिणारा दुसरा माणूस बसवला तरच हे जमतं. सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये मात्र त्या माणसाचा उल्लेख नसतो.

रुग्ण ओळखायचा कशावरून? नाव, मोबाइल की आधार?

या प्रश्नात मराठी मुलखाची खास गंमत आहे.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत लिहा बघू. कोणी ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कोणी ‘जी-वाय’ने, कोणी ‘जे-एन’ने. ‘वैशाली’ कुठे ‘व्ही’ने, कुठे ‘डब्ल्यू’ने. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मतदार यादीत वेगळा क्रम, खासगी दवाखान्यात मधलं नाव गायब. बाईचं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. काहींचं पहिलं नावही सासरी बदललेलं असतं. म्हणजे आधार माहेरच्या नावाचं, रेशनकार्ड सासरच्या नावाचं आणि स्वॅबच्या यादीत गल्लीत हाक मारतात ते नाव. संगणकाच्या लेखी या तीन बायका.

मोबाइल तरी? एका घरात एकच फोन आणि तो मुलाच्या खिशात, तो गेला कामाला. कित्येक याद्यांमध्ये वीस-वीस रुग्णांपुढे एकच नंबर दिसायचा. लावला की आशाताई उचलायच्या, कारण त्यांनी अडचण नको म्हणून सगळ्यांपुढे स्वतःचाच नंबर दिला होता. रिपोर्टचे वीस मेसेज त्यांनाच. त्यांनी ते घरोघर जाऊन सांगितले हे वेगळं, त्याची नोंद कुठल्या पोर्टलवर नाही.

वय तर सगळ्यांचं ४०, ४५, ५० किंवा ६०.

म्हणून एका गोष्टीवर भरवसा ठेवायचा नाही. नळीला स्वतःचा क्रमांक हवा, माणसाला वेगळा आणि आजाराच्या घटनेला तिसरा. एकाच माणसाचे दोन महिन्यांत चार नमुने होऊ शकतात. चारांना मिळून एक रुग्ण धरायचा की दोन, हे ठरवायला तिन्ही क्रमांक लागतात. २०२१ पासून देशभर सुरू झालेला १४ अंकी ‘आभा’ (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा) क्रमांक माणसापुरता उपयोगी आहे, पण ज्याच्याकडे तो नाही त्याचा नमुना अडवायचा नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला कुठलाही क्रमांक पाठ नसतो. आणि नावं जुळवणाऱ्या प्रोग्रामला निदान देवनागरी उच्चाराची समज हवी. ‘शिंदे’ इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं तरी माणूस एकच, हे त्याला कळायला हवं.

एक्सेलमध्ये काय वाईट आहे? आमचं सगळं त्यावरच चालतं.

सगळ्यांचंच चालतं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचंही चालत होतं. तिथे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नावं राष्ट्रीय आकडेवारीत पोचलीच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ओतला जात होता. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते आणि एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. भांडं भरलं आणि वरचं सांडलं. फाइलने ना आरडाओरडा केला ना लाल दिवा लावला. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले, पण त्यांच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्यांना नावं मिळाली नाहीत. साथ भरात असताना हे झालं.

आपल्याकडच्या दुखण्यांना इतकी प्रसिद्धी मिळत नाही, पण ती रोजची आहेत. १३ अंकी क्रमांक एक्सेलमध्ये चिकटवला की तो ‘ई अधिक बारा’ अशा वैज्ञानिक रूपात दिसू लागतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात जतन केली की शेवटचे अंक कायमचे गेले. तीन एप्रिल हा दिवस चार मार्च होतो. वयोगट ‘५-१०’ लिहिला की पाच ऑक्टोबर! हसू नका, या सवयीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकलेत. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाला एक्सेल तारीख समजायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नियम बदलून असल्या जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

तेव्हा एक्सेल पाहण्यासाठी खुशाल वापरा. साठवणीसाठी आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यासाठी नको. पाठवावंच लागलं तर पाठवलेल्या ओळी किती आणि पोचलेल्या किती, हे दोन आकडे फोनवर एकमेकांना सांगा. अगदी गावठी उपाय आहे, पण इंग्लंडमध्ये तेवढं झालं असतं तरी पुरलं असतं.

इतकी पोर्टलं कशासाठी? एकच का नाही?

प्रत्येक पोर्टल कोणत्या ना कोणत्या खऱ्या गरजेतून जन्मलेलं आहे. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात तीन फॉर्म होते: आरोग्यसेवकाने संशयितांसाठी भरायचा एस, डॉक्टरने भरायचा पी आणि प्रयोगशाळेने भरायचा एल. आठवड्यातून एकदा जायचे. रचना सुंदर होती, पण तिन्ही फॉर्म आकडे सांगायचे, माणसं नाहीत. एस फॉर्ममधले तापाचे बारा आणि एल फॉर्ममधले डेंग्यूचे तीन. हे तीन त्या बारांतले की दुसरेच? सांगता येत नसे. त्यावर उपाय म्हणून एकात्मिक आरोग्य माहिती मंच, म्हणजे आयएचआयपी आला. २०१८ मध्ये सात राज्यांत आणि ५ एप्रिल २०२१ पासून देशभर. आजारांची यादी १८ वरून ३३ वर गेली आणि आकड्यांऐवजी एकेका रुग्णाची नोंद सुरू झाली. क्षयरोगासाठी निक्षय २०१२ पासून आहेच. कोविडसाठी आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पोर्टल वेगळं. शिवाय महापालिकेची एक शीट, जिल्हाधिकारी कार्यालयाची एक शीट आणि संध्याकाळी पाचच्या व्हीसीसाठी (व्हिडिओ बैठकीसाठी) आणखी एक, तिसऱ्याच नमुन्यातली.

या सगळ्याचा भार पडतो एकाच खुर्चीवर. डेटा एन्ट्री ऑपरेटर कंत्राटी असतो, रात्री दोनपर्यंत तोच रुग्ण चौथ्यांदा भरत असतो. चौथ्या वेळी चूक होणारच.

एकच पोर्टल करा, असं मी म्हणणार नाही. ते कधी होत नाही, आणि झालं तरी पुढच्या साथीत कोणीतरी नवं काढतंच. लिम्समध्ये एकदा भरलेली माहिती तिथून यंत्रानेच बाकीच्यांना पुरवावी, एवढं मागावं. त्यासाठी पोर्टल चालवणाऱ्यांनी दुसऱ्या प्रणालीला आत येण्याचं दार, म्हणजे एपीआय, ठेवायला हवं, आणि ते पहिल्या दिवसापासून. साथ ओसरल्यावर मिळालेल्या एपीआयचं पत्र मी फायलीला लावून ठेवलंय.

पॉझिटिव्ह तेवढे कळवले की पुरे नाही का?

नाही. शंभरात दहा पॉझिटिव्ह आणि वीसात दहा पॉझिटिव्ह, दोन्हीकडे ‘दहा’च कळवले जातात. पहिल्या गावात साथ आटोक्यात असू शकते, दुसरीकडे घरटी रुग्ण असू शकतो. निगेटिव्ह कळवले नाहीत तर हा फरक वर कळत नाही. लक्षणं कधी सुरू झाली ती तारीखही हवीच. ती फॉर्मवर सगळ्यात जास्त वेळा कोरी असते किंवा तिथे आजचीच तारीख टाकलेली असते.

सरकारी आकडे रोज मागेपुढे होतात. लपवाछपवी असते का?

कधी असेलही, पण आकडे हलायला लपवाछपवीची गरज लागत नाही. एकाच निकालाला चार तारखा असतात: नमुन्याची, तपासणीची, पोर्टलवर चढल्याची, बातमीत छापल्याची. सोमवारी घेतलेले नमुने गुरुवारी चढले की लोकांना वाटतं गुरुवारी स्फोट झाला. रविवारी आकडा पडतो आणि मंगळवारी उसळतो, कारण रविवारी ऑपरेटरलाही घर असतं. पत्त्याचा घोळ वेगळाच. पनवेलचा माणूस मुंबईत तपासला, तो मोजायचा कुठे? आधी मुंबईत मोजतात, मग रायगडला वळवतात. एका ठिकाणी वजा, दुसऱ्या ठिकाणी अधिक.

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने मागचे १,३२८ मृत्यू एकदम आकडेवारीत घेतले, त्यांतले ८६२ मुंबईचे होते. त्या रात्री टीव्हीवर जे व्हायचं ते झालं. वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी जुळवल्यावर हे मृत्यू वर आले होते. जुळवणी झाली हे चांगलंच, पण असली जुळवणी रोज रात्री यंत्राने करायची असते. तीन महिन्यांतून एकदा माणसांनी केली की ती हिशेब न वाटता गौप्यस्फोट वाटते.

माझा खासगी लॅबचा डेंग्यू रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. तरी सरकारी यादीत मी नाही. का?

बहुतेक वेळा तुमची तपासणी झटपट कार्डवर झालेली असते, गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी. सरकारी कार्यक्रमात डेंग्यू ‘निश्चित’ धरायला प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्तचाचणी लागते: तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं). आयजीएमची किटं निवडक सरकारी रुग्णालयांना पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुरवते. कार्डवरचे रुग्ण ‘संभाव्य’ म्हणून वेगळ्या रकान्यात जातात.

वैद्यकीयदृष्ट्या हा भेद बरोबर आहे. माहितीच्या दृष्टीने मात्र तो आपल्याला महागात पडतो, कारण बरेच लोक ताप आला की आधी खासगीतच जातात. खासगी लॅबने निकाल पाठवताना कोणती चाचणी, तापाचा कितवा दिवस आणि कोणता वॉर्ड एवढं जोडलं, तरी एकेका गल्लीत एकदम सहा ‘संभाव्य’ दिसले की फवारणीची गाडी पाठवता येते. निश्चितीची वाट डासाने पाहायची नसते.

पुण्याच्या जीबीएस साथीत माहिती प्रणालीचा काय संबंध?

मला विचाराल तर अलीकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, पुण्याजवळचं नांदेड, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण दिसू लागले; पुढे एकूण संख्या २०० च्या वर गेली. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. बहुधा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला आणि संशय पाण्यावर गेला.

आता कागदपत्रं कुठे कुठे होती ते पाहा. रुग्ण होते शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत, मेंदूविकारतज्ज्ञांच्या हाताखाली. शौचाचे नमुने विषाणूविज्ञान संस्थेत. विहिरी, नळ, टँकर यांच्या पाण्याचे नमुने सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत. आणि कोणत्या सोसायटीला कोणत्या विहिरीचं पाणी येतं, ही माहिती पाणीपुरवठा विभागात, बऱ्याच वेळा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात. रुग्णाचा डेटा नावावर, पाण्याचा डेटा जागेवर. दोघांना जोडणारा धागा म्हणजे पत्ता, आणि पत्ता लिहिलेला ‘गणपती मंदिरामागे’.

त्यात वेळेचा पेच. पोट बिघडतं आधी आणि पाय लुळे पडतात एक ते तीन आठवड्यांनी. म्हणजे रुग्ण दाखल झाल्यावर घेतलेला पाण्याचा नमुना हा त्याने प्यायलेल्या पाण्याचा नमुना नसतोच. आज क्लोरिन बरोबर निघालं म्हणून तीन आठवड्यांपूर्वीही बरोबर होतं असं होत नाही. खरं उत्तर मिळतं ते त्या आधीच्या आठवड्यांतले नेहमीचे पाण्याचे अहवाल, त्याच भागातल्या जुलाबाच्या नोंदी आणि रुग्णांच्या लक्षणांच्या तारखा एका नकाशावर ठेवल्यावर. साथ नसताना घेतलेले कंटाळवाणे नमुने असे साथीत सोन्याच्या मोलाचे होतात, फक्त ते शोधता आले पाहिजेत. पाण्याच्या नमुन्याच्या नळीवरही बारकोड आणि सोबत मोबाइलने टिपलेलं अक्षांश-रेखांश असायला हवं, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय.

नेटवर्क नसलेल्या भागात हे कसं चालणार?

आधी फोनमध्ये नोंद, रेंज आली की आपोआप वर, असंच चालायला हवं. हे आता अवघड राहिलेलं नाही. कठीण गोष्ट दुसरी आहे, ती हद्दीची.

दोडामार्गचं उदाहरण घ्या. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले; शेजारच्या गोव्यात सत्तरीमध्ये त्याच्या आदल्या वर्षी. गोचिडींतून पसरणारा हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. काजूच्या बागांत कामाचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकच. दोडामार्ग-बांद्याकडचा माणूस आजारी पडला की ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाऐवजी बऱ्याचदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, कारण तेच जवळ आणि सवयीचं. म्हणजे बाधा महाराष्ट्रात, रुग्ण गोव्यात दाखल आणि नमुना कदाचित तिसऱ्याच राज्यातल्या प्रयोगशाळेत. निकाल आधी जातो पाठवणाऱ्या रुग्णालयाला. ज्या वाडीत माकड मेलंय आणि जिथल्या बाया उद्या सकाळी काजू वेचायला जाणार आहेत, तिथल्या आरोग्यसेवकाला तो शेवटी कळतो, कधी रुग्णाच्या भावाकडूनच.

सॉफ्टवेअरमध्ये हे दुरुस्त करायला एकच नियम पुरतो: निकाल नमुना पाठवणाऱ्याला जाईल आणि त्याच क्षणी रुग्णाच्या राहत्या पत्त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही जाईल, मग ते कुठल्याही राज्यात असो. गावांचे सरकारी कोड देशभर एकच आहेत, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. अडचण परवानगीच्या पत्राची आहे.

लोइंक, स्नोमेड, एफएचआयआर हे शब्द ऐकतो. खरंच लागतात का?

लागतात, पण टेक्निशियनला ते दिसायचं कारण नाही. एक लॅब ‘कोविड पीसीआर’ लिहिते, दुसरी ‘सार्स-कोव्ह-२ क्वालिटेटिव्ह’, तिसरी नुसतं ‘स्वॅब’. माणसाला कळतं, यंत्राला नाही. म्हणून चाचणीला जगभर एकच क्रमांक: श्वसनमार्गाच्या नमुन्यातल्या कोविड आरएनए चाचणीचा लोइंक क्रमांक ९४५००-६. स्नोमेड हा आजार, नमुना, अवयव यांचा शब्दकोश. भारत २०१४ पासून त्याचा सभासद आहे. आणि एफएचआयआर हे माहिती कोणत्या साच्यात पाठवायची त्याचं व्याकरण. तुमच्या लॅबच्या चाचण्यांची यादी काढा, एका निवांत दुपारी प्रत्येकीपुढे क्रमांक लिहा आणि पुरवठादाराला द्या. काम संपलं.

रुग्णांची नावं बाहेर फुटतात, त्याचं काय?

फुटतात. २०२० मध्ये एका कार्यालयातून पॉझिटिव्ह लोकांची पीडीएफ संध्याकाळी निघायची आणि रात्रीपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असायची, नाव, वय आणि मोबाइलसकट. त्या यादीतल्या एका दुकानदाराकडे पुढे कित्येक महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्याचा परिणाम थेट आमच्या कामावर झाला: लोक तपासणीलाच येईनात, आले तर खोटा नंबर देऊ लागले.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याआधी साध्या गोष्टी करता येतात. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच दिसावं: सरपंचाला गावचा आकडा, आशाताईंना त्यांच्या घरांची नावं, प्रयोगशाळेला नळीचा क्रमांक पुरे. यादी पाठवण्याऐवजी यादी पाहण्याची सोय द्यावी आणि कोणी कधी पाहिली त्याची नोंद राहावी. आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नये. होय, अजून चिकटवतात.

आमची लॅब छोटी आहे, बजेट नाही. सुरुवात कुठून?

फुकट, खुली सॉफ्टवेअरं आहेत. ओपनईएलआयएस हैतीत आणि कोत दिव्हारमध्ये राष्ट्रीय पातळीवर वापरात आलं. सेनाइट हे केप टाउनच्या ‘बिका’ या जुन्या लिम्समधून निघालेलं. साथीतले रुग्ण आणि त्यांचे संपर्क यांच्यासाठी ‘सोरमास’ आहे. नायजेरियात २०१४ मध्ये इबोला आला, त्या अनुभवातून ते उभं राहिलं. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते सांभाळणारा माणूस फुकट नसतो, एवढं मात्र आधीच मंजूर करून घ्या.

नव्या जिल्हा एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची योजना २०२१ मध्ये आली, ७३० जिल्ह्यांसाठी. इमारत आणि उपकरणं येताना दिसली की तेव्हाच विचारून घ्या: मशीनमधून निकाल थेट लिम्समध्ये उतरणार का? त्याची केबल आणि इंटरफेस करारात आहे का? मशीन बसल्यावर विचारलं तर त्याची वेगळी किंमत लागते, आणि ती मंजूर होईपर्यंत कोणीतरी स्क्रीनवरून वहीत आणि वहीतून संगणकात निकाल उतरवत बसतं.

तेही जमत नसेल तर बारकोडची गुंडाळी, एक स्कॅनर आणि चार वेळांची नोंद. एवढ्यावर अर्धं काम होतं. पाण्यात न विरघळणारी लेबलं घ्या, उणे ८० च्या फ्रीजमध्ये गळून न पडणारी. स्वस्तातली लेबलं बर्फात सुटतात आणि मग खोक्याच्या तळाशी लेबलांचा ढीग आणि वर उघड्या नळ्या असं दृश्य दिसतं. मी पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

पुढच्या साथीची तयारी म्हणून काय करावं?

रंगीत तालीम. वर्षातून दोनदा, न सांगता, एका उपकेंद्रातून वीस खोटे नमुने पाठवायचे: दोन सारख्या नावाचे, एक विनालेबल, एक दुसऱ्या राज्यातल्या पत्त्याचा. मग घड्याळ लावून पाहायचं. जगात हल्ली ‘७-१-७’ हा मापदंड वापरतात: साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ओळखायची, १ दिवसात कळवायची, पुढच्या ७ दिवसांत पहिली कारवाई पुरी करायची. त्यातल्या मधल्या एका दिवसात तुमचं लिम्स बसतं का, हे तालमीत कळतं.

आणि साथीसाठी वेगळी प्रणाली नकोच. जी रोज मलेरियाच्या काचपट्ट्या आणि पाण्याचे नमुने नोंदवते, तीच साथीत ताणता आली पाहिजे. कोविडसाठी उभारलेल्या एका यंत्रणेचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. ऑपरेटरचं कंत्राट संपलं, तो दुसरीकडे लागला आणि अ‍ॅडमिनचा ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जायचा. तो नंबर कंपनीने दुसऱ्याच कोणाला दिला. दीड वर्षांचा डेटा आत आणि आम्ही बाहेर.

माझा नमुना दिलाय, तीन दिवस झाले, रिपोर्ट नाही. कोणाला विचारू?

प्रयोगशाळेत थेट फोन करू नका. नावावरून शोधणं किती कठीण ते वर वाचलंतच. जिथे नमुना दिला तिथे विचारा की कोणत्या तारखेच्या गाडीने, कोणत्या प्रयोगशाळेकडे गेला आणि नळीवरचा क्रमांक काय. पुढच्या वेळी नमुना देतानाच तो क्रमांक मागून घ्या आणि नळीवर लेबल लागताना आपलं नाव व वय मोठ्याने वाचायला सांगा. सिस्टर वैतागल्या तर वैतागू द्या. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या, आशाताईंचा नको.